झाडून-पुसून परत

एकहार्ट ब्रून्सने उभ्या आयुष्यात एकच गोष्ट कायमची घालवली, आणि तीसुद्धा नियमाला धरून, सही करून, दोन प्रतींत. त्यातली एक प्रत त्याच्या कपाटातल्या पिवळ्या फायलीत अजून आहे. छत्तीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात काढलेल्या माणसाला कागद फाडता येत नाही, एवढंच त्याचं कारण. नाहीतर त्याने तो कधीच चुलीत घातला असता.

सुरुवात झाली ती एका खिडकीपासून. ओल्डेनबुर्गच्या कडेला, रेल्वेच्या रुळापलीकडे, त्यांची बाग-सोसायटी आहे. साठ सभासद, साठ छोट्या बागा, प्रत्येकीत एक लाकडी खोपट, आणि कुंपणाची उंची सव्वा मीटर, त्याहून बोटभरही जास्त नाही. फेब्रुवारीच्या सभेत अध्यक्ष हायो टाम्मेन यांनी विचारलं, "पंच्याहत्तरीनिमित्त आपल्या सोसायटीवर फिल्म कोण काढणार?" नेमका त्याच क्षणी एकहार्टने हात वर केला. त्याच्या मानेवर गार वारा येत होता आणि त्याला खिडकी लावून हवी होती. टाम्मेननी त्याचं नाव इतिवृत्तात लिहून टाकलं. इतिवृत्तात आलेलं नाव पुढच्या सभेपर्यंत बदलता येत नाही, आणि पुढची सभा होती जूनमध्ये.

"तू आणि फिल्म?" घरी त्याची बायको आल्मुट म्हणाली. "आपल्या प्रत्येक सहलीच्या फोटोत माझं डोकं अर्धं कापलेलं असतं."

"इतिवृत्तात आलंय," एकहार्ट म्हणाला.

यावर त्या घरात वाद होत नसतो. पण जरा वेळाने चहात साय सोडता सोडता आल्मुट म्हणाली, "मग एक कर. आईला बोलतं कर. बाकीची फिल्म कशी का होईना."

आई म्हणजे एकहार्टच्या सासूबाई, गेझिने ओल्टमान्स, वय वर्षं एक्याण्णव. चौदा नंबरची बाग त्यांची. महायुद्धानंतर ज्यांना डोक्यावर छप्पर नव्हतं अशी माणसं याच खोपटांत राहिली होती, आणि त्यांच्यातल्या आता या एकट्याच उरल्या होत्या. चौदा वर्षांची पोर असताना आईचा हात धरून पूर्वेकडून पायी आल्या आणि पाच हिवाळे त्या खोपटात काढले, एवढं सगळ्यांना ठाऊक. त्यापुढे एक अक्षर नाही. आल्मुटने लहानपणापासून शंभरदा विचारलं असेल. "जुनं झालं ते," एवढंच उत्तर यायचं, आणि मग सासूबाई बटाटे सोलायला घ्यायच्या.

एकहार्टशी तर त्यांचं बोलणं आणखीच बेतशीर. अडतीस वर्षं जुन्या जावयाला त्या "ब्रून्ससाहेब" म्हणायच्या आणि अहो-जाहो करायच्या. आपल्याकडे अरे-तुरेवर यायचं तर थोरल्याने तसं आपण होऊन सांगावं लागतं, छोट्या पेल्यात काहीतरी ओतून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. सासूबाईंनी पोस्टमनला सांगितलं होतं, दातांच्या डॉक्टरांना सांगितलं होतं. जावयाला नाही. एकहार्ट म्हणायचा की त्याचं आपल्याला काहीच वाटत नाही. आठवड्यातून दोनदा तरी म्हणायचा.

तर या सासूबाई चक्क कबूल झाल्या. एकच अट. "त्या फोनवर काढणार असाल तर मी नाही," त्या म्हणाल्या. "फोनवरून मी बोलते. फोनसमोर नाही. नीट कॅमेरा आणा, ब्रून्ससाहेब, तीन पायांचा."

शहरातल्या दुकानात कॅमेरा भाड्याने मिळत होता, पण दुकानदाराला संस्थेचं लेटरहेड हवं होतं. लेटरहेड टाम्मेनच्या कुलपात, आणि ते बाहेर काढायला कार्यकारिणीचा ठराव लागतो. म्हणून मग एकहार्ट इंटरनेटवरच्या छोट्या जाहिरातींकडे वळला. तिथे जुने पाळणे, सशाचे पिंजरे आणि एकदाच घातलेले लग्नाचे झगे यांच्या मधोमध कॅमेरे भाड्याने मिळतात.

बातमी कुंपणाकुंपणावरून गेली. "अनोळखी माणसाकडून मी फावडंसुद्धा घेत नाही," टाम्मेन म्हणाले. "आणि फावड्यात पळवण्यासारखं आहे काय?" पंधरा नंबरच्या देटमर्सबाईंनी आपल्या भाच्याचं उदाहरण दिलं. त्याने असाच उडता कॅमेरा मागवला होता आणि खोक्यात केस वाळवायचं यंत्र निघालं. "चालू होतं, ते एक बरं," बाई म्हणाल्या. एकहार्टने सगळ्यांचे आभार मानले. माणसं ओळखायला आपण शिकलोय असा त्याचा समज होता, कारण छत्तीस वर्षं त्याने लोकांचे तक्रारअर्ज वाचले होते.

त्यामुळेच त्याला कॅमेऱ्याची जाहिरात देणारे डॉक्टर फॉन लिंडेक पहिल्याच पत्रात आवडले. "आदरणीय ब्रून्ससाहेब" अशी सुरुवात, सात ओळी, एक स्वल्पविराम जागचा हललेला नाही, शेवटी मन:पूर्वक अभिवादन. डॉक्टरसाहेब परिषदेसाठी परदेशी होते. अनामत मिळताच कॅमेरा कुरिअरने पाठवणार होते. एकहार्टने ते पत्र आल्मुटला मोठ्याने वाचून दाखवलं. असं लिहिणारा माणूस हल्ली दुर्मीळ, असंही वर म्हणाला. अनामत गेली. कॅमेरा आला नाही. चौथ्या दिवशी जाहिरात गेली, पाचव्या दिवशी डॉक्टर गेले.

पोलीस चौकीत एक तरुण हवालदार बाई होत्या. "संशय कसा नाही आला तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"उत्तरं अगदी वेळेवर यायची हो."

"फसवणाऱ्यांचीच येतात वेळेवर," बाई फॉर्म भरता भरता म्हणाल्या. "खरी माणसं तीन दिवस लावतात, आणि मग एक ओळ लिहितात."

एकहार्टच्या मनाला ते इतकं लागलं की पुढचे दोन आठवडे त्याने कॅमेऱ्याचं नावच काढलं नाही. फसवणूक होणं वेगळं आणि व्याकरणाच्या जोरावर फसवणूक होणं वेगळं. पण इतिवृत्त होतं, आणि आल्मुट होती. ती काही बोलायची नाही. फक्त रोज संध्याकाळी विचारायची, "आईचं कधी करतोयस?"

शेवटी त्याने दुसऱ्या एका जाहिरातीला लिहिलं, आणि त्या माणसाचं उत्तर बरोबर तीन दिवसांनी आलं. "चालेल शनिवारी ये सुपरमार्केटचं पार्किंग केसांवरून ओळखशील". नमस्कार नाही, पूर्णविराम नाही, आणि सरळ अरे-तुरे. ज्या गोष्टीसाठी एकहार्ट सासूबाईंच्या उंबऱ्यावर अडतीस वर्षं ताटकळत होता, ती या माणसाने फुकटात देऊन टाकली होती. एकहार्टला ते मुळीच आवडलं नाही. पण पोलिसांच्या कसोटीला माणूस उतरत होता.

या वेळी मात्र तो गाफील राहणार नव्हता. दोन संध्याकाळी बसून त्याने ताबा-पत्रक तयार केलं. चार पानं. भाड्याचं घर घेताना-सोडताना आपण जे करतो त्याच नमुन्यावर: वस्तूंची यादी, प्रत्येकीची स्थिती, ओरखडे कुठे, दोन्हीकडचे पत्ते, ओळखपत्रांचे नंबर, सह्या. आणि कलम नऊ, घराच्या करारातून जसंच्या तसं उचललेलं: "घेणाऱ्याने सर्व वस्तू घेतल्या त्या स्थितीत, झाडून-पुसून परत कराव्यात." या कलमावर एकहार्टचा विशेष जीव होता. तीन भाड्याची घरं त्याने सोडली होती, आणि तिन्ही घरमालकांनी जमिनीवर बोट फिरवून बोटाकडे बघितलं होतं. बोट स्वच्छ होतं.

शनिवारी पार्किंगमध्ये झ्योंके राडात्स नावाचा तो माणूस एका खडखडत्या गाडीच्या बॉनेटवर पाय हलवत बसला होता. कमरेपर्यंत केस, पायात दोन वेगळे मोजे. "अरे बाबा, कॅमेरा आहे हा," चार पानं बघून तो म्हणाला. "फ्लॅट नाही."

"पान एकवर ओरखडे लिहायचेत," एकहार्ट म्हणाला. "तुम्ही दाखवा, मी लिहितो."

पाऊण तास लागला. ओरखडे सतरा निघाले. अकराव्या ओळीवर झ्योंके हसला. तिथे लिहिलं होतं: मेमरी कार्ड, नग एक, रिकामं. "ते खोडून टाक," तो म्हणाला. "कार्ड तुझ्याकडेच ठेव नंतर. चिल्लर वस्तू आहे ती."

"यादीत आहे," एकहार्ट म्हणाला. "यादीत असलेली वस्तू परत मिळेल."

झ्योंकेने खांदे उडवले आणि चार पानांवर चार वेगवेगळ्या सह्या केल्या. तेवढ्यावरून एकहार्टने मनातल्या मनात त्याला चोर ठरवून टाकलं.

चित्रीकरणाआधी आणखी एक फाटा फुटला. सासूबाईंच्या खिडकीतून देटमर्सबाईंची बाग दिसत होती, आणि बाईंच्या बागेत शोभेला ठेवलेला, लाल टोपीचा मातीचा बुटका होता. दुसऱ्याची खासगी मालमत्ता फिल्ममध्ये येणार म्हणजे लेखी संमती लागणार, असं टाम्मेन म्हणाले. संमती एकहार्टने लिहून नेली. देटमर्सबाईंनी ती दोनदा वाचली. "माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या, "पण त्याच्या नाकाचा रंग उडालाय. या अवस्थेत तो लोकांसमोर जाणार नाही." शेवटी बुटक्याच्या अंगावर टॉवेल टाकायचं ठरलं. टॉवेल कोणाचा, यावर आणखी एक दिवस गेला.

मेच्या तिसऱ्या शनिवारी दहा वाजता एकहार्ट चौदा नंबरच्या खोपटात शिरला. एक ते तीन सोसायटीत शांततेची वेळ असते, त्यामुळे एकच्या आत उरकायचं होतं. सासूबाई निळा झगा घालून, केस विंचरून खिडकीपाशी बसल्या होत्या. टेबलावर रुबार्बचा केक होता. एकहार्टने झ्योंकेचे दोन मोठे दिवे लावले आणि त्या ओळीतल्या अकरा बागांचा फ्यूज उडाला. बाहेरून टाम्मेनचा आवाज आला, "माझी कॉफी अर्धी झाली होती रे!" मग दिवे बाजूला ठेवून त्याने खिडकीच्या उजेडावर भागवलं.

त्याने कॅमेरा सुरू केला. सासूबाई काहीतरी पुटपुटल्या, पण त्याचं लक्ष छोट्या पडद्यावरच्या आकड्यांकडे होतं. जरा वेळाने आकडे थांबले आणि "जागा संपली" अशी अक्षरं उमटली. मेमरी कार्ड अजून त्याच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं. ते कॅमेऱ्यात घालून त्याने पहिल्यापासून सुरुवात केली, आणि सासूबाई बोलू लागल्या.

एक तास दहा मिनिटं बोलल्या. पंच्याहत्तर वर्षं न बोललेली बाई एकदाही न थांबता बोलली. आणि एकहार्ट कानांवर ते मोठाले हेडफोन चढवून आवाजाच्या काट्याकडे बघत होता. काटा लाल रेघेपलीकडे गेला तर आवाज फाटतो, असं पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलं होतं. तो काटा त्याने जाऊ दिला नाही. केक खाताना बशी वाजली, त्याने नोंद केली. फ्रिज गुरगुरला, त्याने फ्रिजची वायर काढली. मध्येच एका शेळीची गोष्ट निघाली. खोपटात माणसांबरोबर एक शेळी राहायची आणि हिवाळ्यात तिच्यामुळेच ऊब असायची, इतपत त्याच्या कानावर पडलं. मग सासूबाईंनी त्या शेळीला हाक मारून दाखवली, चौदा वर्षांची पोर मारेल तशी, खणखणीत, नावाने. काटा धाडकन लाल रेघेवर गेला. एकहार्टने झडप घालून बटण फिरवलं. ऐकायचं काय, ते नंतर निवांत ऐकू, सगळं कार्डात येतंच आहे, असा त्याचा हिशोब होता. असा हिशोब कोणीही केला असता, हे खरं आहे, पण त्याने त्याला काडीचा दिलासा मिळत नाही.

बोलून झाल्यावर सासूबाई उठल्या, कपाटातून अंड्याची पिवळी लिकर काढली आणि दोन इवल्याशा पेल्यांत ओतली. कॅमेरा चालूच होता. "मी गेझिने," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं. "अहो-जाहो पुरे आता. दमले मी. पी, एकहार्ट."

एवढं त्याने ऐकलं. त्यासाठी त्याने हेडफोन काढले होते.

"आल्मुटला सांगू?" त्याने विचारलं.

"खबरदार," सासूबाई म्हणाल्या. "फिल्ममध्येच कळू दे सगळ्यांना. टाम्मेनचं तोंड बघायचंय मला. तोवर आपले ब्रून्ससाहेब."

तो सबंध रविवार एकहार्ट शीळ घालत होता. सोमवारी सामान परत द्यायचं होतं. त्याने कार्ड संगणकाला लावलं. त्यात दोन कप्पे होते. एक उघडला, तर त्यात सासूबाईंची चौदा छोटी छोटी चित्रं: बोलताना, केक कापताना, पेला उचलताना. कॅमेऱ्याने चित्रीकरण आपोआप चौदा तुकड्यांत साठवलं होतं, चित्रंही चौदाच. हिशोब जुळला. एकहार्टने तो कप्पा संगणकात उतरवून घेतला, त्याला "सासूबाई" असं नाव दिलं, आणि मग निवांतपणे कलम नऊकडे वळला.

तिवईचे पाय त्याने दात घासायच्या ब्रशने घासले. दिव्यांवरची धूळ पुसली. कॅमेऱ्याचे सतरा ओरखडे पुन्हा मोजले, सतराच भरले. राहिली अकरावी ओळ. कार्ड घेतलं तेव्हा रिकामं होतं, म्हणून त्याने ते रिकामं केलं. "पूर्ण सफाई" असा एक पर्याय होता, त्याला वीस मिनिटं लागत होती. एकहार्टने पूर्ण सफाई निवडली. आणि खात्री म्हणून दोनदा केली.

पार्किंगमध्ये झ्योंकेने कॅमेरा उलटासुलटा करून बघितला. "इतका स्वच्छ तर मी नवा घेतला तेव्हाही नव्हता," तो म्हणाला. एकहार्टने चौथ्या पानावर "कार्ड रिकामं करून दिलं" यापुढे बरोबरची खूण केली आणि सही केली. घरी येताना त्याने आल्मुटसाठी फुलं घेतली, कारण न सांगता.

जूनमध्ये सासूबाई गेल्या. रात्री झोपल्या आणि सकाळी उठल्या नाहीत. त्या चार आठवड्यांत त्यांनी त्याला सगळ्यांसमोर न चुकता "ब्रून्ससाहेब" म्हटलं होतं, आणि दर वेळी एक डोळा जरासा बारीक केला होता. दफनानंतर लोक कॉफी आणि लोण्याचा केक खाऊन गेले. आल्मुटने काळा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि म्हणाली, "लाव. आईचं लाव. आता मला ऐकायचंय."

एकहार्टने संगणक चालू केला. "सासूबाई" नावाचा कप्पा उघडला. पहिल्या चित्रावर टिचकी मारली. चित्र मोठं झालं. हललं नाही. दुसरं मोठं झालं, तेही हललं नाही. चौदाही चित्रं त्याने एकेक करून उघडली. सासूबाईंचं तोंड प्रत्येकात उघडं होतं, आणि आवाज कशातच नव्हता. खरी फिल्म दुसऱ्या कप्प्यात होती, जो त्याने उघडलाच नव्हता.

"आवाज कुठाय?" आल्मुटने विचारलं.

त्या वेळी तो खरं बोलला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तो म्हणाला, "कार्ड त्या माणसाकडे आहे."

"म्हणजे त्याने पुसलं असणार," आल्मुट म्हणाली. एकहार्ट काही बोलला नाही. खोटं म्हणाल तर तो एक शब्दही खोटं बोलला नव्हता, आणि याचा त्याला पुढे फार त्रास झाला.

त्याने जाहिरात शोधली, ती निघाली होती. "हा वापरकर्ता आता नाही," असं उत्तर आलं. पत्रकातल्या पत्त्यावर गेला, तर घरमालकीण म्हणाली की झ्योंके नॉर्वेला मासेमारीच्या बोटीवर फिल्म काढायला गेलाय, कधी येईल काय सांगावं. आठवडाभरात सगळ्या सोसायटीला ठाऊक झालं की केसवाल्या लफंग्याने ओल्टमान्सबाईंची शेवटची मुलाखत पळवली. "मी म्हटलं होतं," टाम्मेन म्हणाले. "फावडंसुद्धा घेऊ नये." देटमर्सबाईंनी केस वाळवायच्या यंत्राची गोष्ट पुन्हा सांगितली. लोक एकहार्टच्या खांद्यावर हात ठेवायचे. त्याला त्या हातांचं ओझं व्हायचं आणि तो टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधायला लागायचा. त्या वर्षी एकेका रोपाला तीन-तीन काठ्या होत्या.

ऑगस्टच्या शेवटी, शनिवारी सकाळी, घराची घंटा वाजली. दारात झ्योंके उभा. उन्हाने रापलेला, मोजे अजूनही दोन वेगळे, बगलेत कॅमेरा.

"तुझा पत्ता तिसऱ्या पानावर सापडला," तो म्हणाला. "चार पानं केलीस ते बरं झालं."

आल्मुट मागून पुढे आली. अशी पुढे येताना ती क्वचितच दिसते. "माझ्या आईचं काय केलंत तुम्ही?" तिने विचारलं. "तिचं बोलणं पुसताना हात कसा धजला तुमचा?"

झ्योंकेने तिच्याकडे बघितलं, मग एकहार्टकडे. एकहार्ट पायपुसण्याकडे बघत होता. "मी?" झ्योंके म्हणाला. त्याने खिशातून चार घड्यांचा कागद काढला, उलगडला आणि तिच्यापुढे धरला. "हे बघ. 'कार्ड रिकामं करून दिलं.' सही कोणाची आहे? मी तर म्हटलं होतं, ठेव म्हणून."

आल्मुटने सही वाचली. छत्तीस वर्षं पाण्याच्या बिलांवर होती तीच, ठसठशीत. मग तिने चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"मीच पुसलं," एकहार्ट म्हणाला. "दोनदा पुसलं. आणि तुम्हाला सगळ्यांना यांच्यावर संशय घेऊ दिला. दोन महिने."

आल्मुटने कागदाची घडी घालून तो झ्योंकेला परत दिला. शेवटी झ्योंकेच म्हणाला, "कॉफी देणार का? मी रात्रभर गाडी चालवून आलोय." आणि स्वयंपाकघरात बसल्यावर त्याने कॅमेरा टेबलावर ठेवला. "कार्ड नसलं तर याच्या पोटातच थोडं साठतं. जेमतेम पाऊण मिनिट. बोटीवर कार्ड भरलं तेव्हा बघितलं, तर आत एक म्हातारी बसलेली. म्हटलं, ही काही माझी नाही." तो एकहार्टकडे वळला. "हे कसं काय पुसायचं राहिलं रे तुझ्याकडून?"

"यादीत नव्हतं," एकहार्ट म्हणाला.

त्रेचाळीस सेकंद. निळा झगा, खिडकी, खिडकीबाहेर टॉवेल पांघरलेला बुटका. पहिली तीस सेकंदं सासूबाई नुसत्याच बसून आहेत, झग्यावरचा केकचा कण वेचताहेत. मग त्या वर बघतात आणि कंटाळून म्हणतात, "त्या डब्यात काय बघताय, ब्रून्ससाहेब? माझ्याकडे बघा ना. मी इकडे आहे." आणि चित्र थांबतं.

आल्मुट म्हणाली, "परत लाव." सात वेळा लावलं. झ्योंकेने तीन कप कॉफी घेतली, भाडं किंवा पेट्रोल काही मागितलं नाही. जाताना एकहार्ट त्याला फाटकापर्यंत सोडायला गेला. माफी कशी मागावी याची त्याने मनात वाक्यं जुळवली होती, पण तोंडून निघालं ते एवढंच: "मी एकहार्ट. मला तू म्हण."

"मी तर पहिल्यापासून तूच म्हणतोय," झ्योंके म्हणाला, आणि गाडी खडखडत गेली.

त्या संध्याकाळी एकहार्टने आल्मुटला शेळीचं जेवढं कानावर पडलं होतं तेवढं सांगितलं, आणि पेल्यांची गोष्टही. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आई? तुला? एकहार्ट, आता तरी काहीबाही सांगू नकोस." दोन महिने गप्प राहिलेल्या माणसावर तिने विश्वास का ठेवावा? त्याने आग्रह धरला नाही. टाम्मेनना आणि बाकीच्यांना मात्र त्याने सप्टेंबरच्या सभेत उभं राहून खरं काय ते सांगितलं, आणि ते इतिवृत्तात घ्यावं अशी विनंती केली. ते घेण्यात आलं.

पंच्याहत्तरीच्या समारंभात सोसायटीच्या तंबूत ती त्रेचाळीस सेकंदं दाखवली. फिल्म म्हणून तेवढीच होती. "माझ्याकडे बघा ना" म्हटल्यावर लोक खो खो हसले, आणि टाम्मेननी ती तीनदा लावायला लावली. देटमर्सबाईंनी टॉवेल आपला असल्याचं शेजारणीला सांगितलं. एकहार्ट पहिल्या रांगेत बसला होता. या वेळी तो फक्त सासूबाईंकडे बघत होता, तिन्ही वेळा, शेवटपर्यंत.

परत जाताना आल्मुटने त्याच्या हातात हात घातला. मग म्हणाली, "आईने तुला पेला दिला असणार."

"आता कशावरून?"

"परक्या माणसाला ती 'माझ्याकडे बघा' असं जन्मात म्हणाली नसती."

एकहार्टने मान हलवली. चौदा नंबरच्या फाटकाशी दोघं थांबले. महिनाअखेर ती बाग सोसायटीला परत करायची होती, झाडून-पुसून. खोपटाची खिडकी बंद होती.

"त्या शेळीचं नाव काय होतं रे?" आल्मुटने विचारलं.

"हाक मारून दाखवली होती तिने. मोठ्याने."

"कशी? मार बघू तशी."

एकहार्टने फाटकाला हात टेकले. श्वास भरून घेतला, तोंड उघडलं, आणि रिकाम्या बागेकडे बघत तसाच उभा राहिला. काटा कुठवर गेला होता ते त्याला अगदी स्पष्ट आठवत होतं. नाव काही आलं नाही.